बँकेशी सोयरीक

“ज्याना घरनं पानी पिधं नही, त्यानी वळख मी देत नही.”

झुलाल आबांनी हे वाक्य पिंपळनेरच्या बँकेत, मॅनेजरच्या टेबलावर तळहात ठेवून म्हटलं होतं. पाणी म्हणताना त्यांच्या डोक्यात पाणी नव्हतंच. वरणबट्टी होती, बट्टीवर तुपाची धार, शेजारी वांग्याची भाजी आणि जेवण झाल्यावर ओसरीवर टाकलेली खाट. पण एवढं सगळं बँकेत उभ्या उभ्या सांगता येत नाही, म्हणून आबा पाणी म्हणाले.

ऐंशी सालानंतरची ती वर्षं. तेव्हा बँकेत खातं उघडायचं तर कुणीतरी ओळख द्यावी लागे. ज्याचं आधीपासून खातं आहे अशा माणसानं फॉर्मवर सही करायची, की या इसमाला मी ओळखतो. गावात एक जुनी बँक होती, ती मोठ्या बागायतदारांची आणि आडत्यांची. तिच्या पायऱ्या चढताना लहान माणूस आपोआप चपला काढी. मग ही दुसरी शाखा आली. हमाल, टोपल्या विणणारे, भाजीवाल्या, पाड्यांवरून बाजाराला येणारे लोक, यांच्यासाठी आम्ही आलो आहोत, असं तिने जाहीर केलं. पण या लोकांपैकी कुणाचंच कुठे खातं नव्हतं, त्यामुळे कुणीच कुणाला ओळखू शकत नव्हतं. तसे सगळे एकमेकांना तीन पिढ्यांपासून ओळखत होते. कुणाच्या आजोबांनी कुणाच्या बांधावरचा लिंब तोडला, इथपर्यंत ओळखत होते. बँकेच्या लेखी मात्र पिंपळनेर हे परस्परांना अनोळखी माणसांचं गाव होतं. रात्री बाजारपेठ बंद झाल्यावर फळ्या लावलेल्या दुकानांकडे पाहिलं की वाटायचं, बँकेचं फारसं चुकत नसावं.

झुलाल आबांचा मूळ उद्योग सोयरिकी जमवण्याचा. शेती होती, ती निम्मी मुलगा बघे, निम्मी पाऊस. आबा छत्री घेऊन गावोगाव हिंडत. छत्री बाराही महिने. कुणाची मुलगी उपवर झाली, कुणाचा मुलगा कामाला वाघ पण बोलायला बुजरा, कुणाच्या विहिरीला चैत्रात पाणी टिकतं, हे सगळं त्यांच्या टोपीखाली असे. पैसे ते घेत नसत. जेवण घेत. आणि लग्नाच्या मांडवात “ही सोयरीक आबांनी जमवली बरं का” असं कुणी मोठ्याने म्हणालं, तर ते दुसरीकडे बघत. पण उभे राहत ते बरोबर जिथून ऐकू येईल अशा जागी.

नव्या शाखेचे पहिले मॅनेजर सांगलीकडचे होते, उमेदीचे. दर बाजाराला ते लोकांना खाती उघडा म्हणून विनवत फिरत आणि लोक त्यांना काकड्या विकून मोकळे होत. शेवटी बँकेचा शिपाई निंबा, जो गावचाच, त्यांना म्हणाला, “साहेब, झुलाल आबांना मधे घ्या. ते मधे असले म्हणजे लोक मुली देतात, पैसे काय चीज आहे?”

आबांना निरोप गेला. आबा आले, पण खातं उघडायला आले नाहीत. घर बघायला आले.

“तुम्हनं गाव कोनतं?” खुर्चीत बसत त्यांनी मॅनेजरांना विचारलं.

“सांगलीजवळ.”

“लांब शे. मायबाप?”

“आहेत दोघं.”

“आठे रांधस कोन?”

“खानावळीत जेवतो.”

आबांनी मान डावी-उजवीकडे हलवली. हे लक्षण बरं नव्हतं. “रोकड जठे ठेवतस, ती खोली दखाडा,” ते म्हणाले.

मॅनेजर नवे होते आणि तीन महिन्यांत त्यांची खाती बोटांवर मोजण्याइतकी होती. त्यांनी खोलीचं लोखंडी दार बाहेरून दाखवलं. आबांनी शेजारच्या भिंतीवर बोटाच्या पेरांनी टकटक केली. मुलाच्या घरी गेल्यावर धान्याची कोठी किती भरली आहे हे ते असंच बघत. मग त्यांनी मुख्य प्रश्न विचारला, “आनि पोरगीले माहेरले येवानं व्हयनं ते?”

मॅनेजर निंबाकडे बघायला लागले. निंबा म्हणाला, “साहेब, ते विचारतात, ठेवलेले पैसे परत काढायचे झाले तर द्याल का?”

“कधीही देऊ.”

“हासीसन देशात, का तोंड वाकडं करीसन?”

हसून देऊ, असं मॅनेजरांनी कबूल केलं. आबा बाहेर आले. पायरीखाली वीसेक माणसं सहज म्हणून उभी होती. “घर बरं शे,” आबांनी जाहीर केलं. “मानूस खानावळमा जेवस, पन घर बरं शे.”

आबांचं स्वतःचं खातं उघडताना त्यांना ओळख मॅनेजरांनीच दिली. त्यावर आबांनी हरकत घेतली आणि सुरुवातीचं ते वाक्य तेव्हाच म्हटलं. मग माझ्या घरचं पाणी न पिता तुम्ही मला ओळखता कसे? मॅनेजरांना घरी नेण्यात आलं. आबांच्या बायको कमलबाई यांनी त्यांना नको म्हणायला सवड मिळू नये इतक्या वेगाने बट्ट्या वाढल्या. त्या दुपारी बँकेचे व्यवहार जरा सावकाश झाले. पण आबांचं समाधान झालं आणि सही कायदेशीर ठरली.

मग आबांनी सोयरिकींचा उद्योग जवळजवळ सोडला. बँकेत माणसं द्यायला लागले.

पद्धत तीच. खातं हवं असलेल्या माणसाने आबांना जेवायला बोलवायचं. आबा येत, पाय धूत, जेवत, खाटेवर अर्धा तास डोळे मिटत. ते झोपलेले नसत. घरातली माणसं एकमेकांशी कशी बोलतात ते ऐकत. सून पाणी आणताना भांडं आपटते का, म्हातारीला कुणी हाक मारतं का. मग उठून शेजारच्या दोन घरी चौकशी करत. दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन फॉर्मवर सही. सही करायला त्यांना वेळ लागे. झुलालमधला झु ते असा काढत की जणू पुढची अक्षरं निघतील की नाही ते त्यावर अवलंबून आहे. पश्चिमेकडच्या पाड्यांवरसुद्धा ते पायी गेले. तिथे नागलीची भाकर आणि उडदाची डाळ खाऊन आले आणि टोपल्या विणणाऱ्यांची, मध गोळा करणाऱ्यांची खाती झाली. शाखेच्या ठेवी वाढल्या, आबाही वाढले. कमलबाई शेजारणींना सांगत, “बँक मोठी व्हयनी का नही ते माले माहीत नही, पन यास्ना सदरा मी तीनदाव सैल कया.”

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण आबांना वाटे, ओळख दिली म्हणजे त्या माणसाचं पुढचं सगळं आपल्या गळ्यात आलं. लग्न लावून देणारा मधला माणूस पुढे वर्षानुवर्षं दोन्ही घरांना जबाबदार असतो. पोरगी रुसून माहेरी आली की आधी त्याला बोलावणं जातं. तेच त्यांनी बँकेला लावलं. कुणी खात्यात भर घातली की आबा खूश, पोरगी नांदते आहे. कुणी पैसे काढले की आबा त्याच्या दारात. वना नावाच्या टोपलीवाल्याने एकदा जरा मोठी रक्कम काढली. संध्याकाळी आबा त्याच्या ओट्यावर.

“काय कमी पडनं तुले बँकमा?”

“काही नही आबा. बकरी लिधी.”

“कोठे शे बकरी?”

“चराले गयी.”

“येऊ दे.”

बकरी येईपर्यंत आबा ओट्यावर बसून राहिले. आली, तेव्हा तिचे दात पाहिले, आणि मगच गेले. वनाने हे बाजारात सगळ्यांना सांगितलं आणि लोक हसले. पण त्यानंतर पैसे काढायच्या आधी लोक कारण तयार ठेवायला लागले.

तेवढ्यात पहिले मॅनेजर बदलून गेले आणि हर्डीकर आले.

हर्डीकर वाईट माणूस नव्हते. नीटनेटके होते. टेबलावरचा पेपरवेट ते रोज त्याच जागी ठेवत आणि खिडकीतून येणाऱ्या धुळीकडे आपल्याविरुद्ध कुणीतरी तक्रार केल्यासारखं बघत. आबा त्यांनाही जेवायला बोलवायला गेले. हर्डीकर म्हणाले, “मला पित्ताचा त्रास आहे.” आबांनी तेही ओळखीत जमा केलं.

हर्डीकर आल्यावर दोनच महिन्यांत छगन गेला. छगनचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, हवा भरायच्या यंत्रासाठी त्याने कर्ज घेतलं होतं. एका सकाळी दुकानाला कुलूप होतं आणि छगन, बायकोपोरांसह आणि यंत्रासह, सुरतेच्या गाडीत बसून गेलेला होता. इकडून सुरतेला जाणारं माणूस परत येतं, पण कधी येईल ते तिथल्या गिरण्या ठरवतात. छगनला ओळख आबांची होती. त्याच्याकडे आबा दोनदा जेवले होते. आता बाजारात जाताना आबा त्या कुलपासमोरून जात नसत. नदीकडून वळसा घालत, आणि कुणी विचारलं तर म्हणत, “पाय मोकये करस.”

छगनची बातमी धुळ्याला बँकेच्या मोठ्या कचेरीत गेली. तिथे कुणीतरी कागद काढून पाहिले आणि त्याला दिसलं की शाखेतल्या जवळपास निम्म्या खात्यांवर एकाच माणसाची सही आहे. पत्र आलं. झुलाल आबांची ओळख यापुढे धरू नये.

हे आबांना सांगायचं कुणी? हर्डीकरांना वाटलं निंबा सांगेल. निंबाला वाटलं कॅशियर सांगेल. कॅशियर आबांच्या पुतणीचा दीर होता. कुणीच सांगितलं नाही. आबांना नेमकं तेव्हा शेवंताबाईने जेवायला बोलावलं होतं.

शेवंताबाई बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत राही. नवरा लोटन हमाली करी आणि ती घरोघरची मिरची कांडून देई. माघापासून वैशाखापर्यंत तिच्या दारात उखळ आणि मुसळ यांचा आवाज बंद नसे, आणि त्या गल्लीतून जाणारा माणूस शिंकल्याशिवाय पलीकडे निघत नसे. संध्याकाळी ती मिरचीने आग होणारे दोन्ही हात ताकाच्या पातेल्यात बुडवून ओट्यावर बसे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तसेच हात बुडवून टोमणे मारी. तिला विजेवर चालणारं कांडप यंत्र घ्यायचं होतं. बायकांच्या धंद्यासाठी सरकारी योजनेतलं कर्ज बँकेकडे होतं. लोटनने पत्र्याची शेड उभी केली होती, वीज घेतली होती, धुळ्याच्या दुकानदाराने यंत्र दाखवून ठेवलं होतं. फक्त खातं नव्हतं. आणि योजना मार्चअखेरपर्यंतच होती. पुढच्या वर्षी ती असेल का, हे सरकारलाही ठाऊक नव्हतं. त्यात साक्रीचा एक माणूस बाजारात असंच यंत्र टाकणार म्हणून जागा बघून गेला होता. त्याचं यंत्र आधी सुरू झालं, तर मुसळाने कांडलेली मिरची कोण घेणार? म्हणजे यंत्रही नाही आणि मुसळही नाही.

आबा जेवायला गेले. तिने ठेचा केला होता. पहिल्या घासालाच आबांच्या डोळ्यांतून धारा लागल्या आणि जेवण संपेपर्यंत थांबल्या नाहीत.

“जेवन झायं आबा, आते सही करा,” शेवंताबाई म्हणाली.

“कशी करू? डोयास्मा पानी, घर काय दखू मी? परत येनं पडी.”

“दुसरं जेवन फुकट नही आबा. मुसय धरनं पडी.”

आबा दुसऱ्यांदा गेले. तिने खरोखरच मुसळ हातात दिलं. आबांनी चार घाव घातले, अकरा शिंका दिल्या आणि टोपी सावरत म्हणाले, “घर बरं शे. चाल बँकमा.”

बँकेत निंबाने दारातच अडवलं. “साहेब जेवायला गेलेत.” सकाळचे अकरा वाजले होते आणि काचेपलीकडे साहेब पेपरवेट सरळ करत होते. आबा आत गेले. मागे शेवंताबाई, डोक्यावरचा पदर सावरत. हर्डीकरांनी दोघांना बसायला सांगितलं, पाणी मागवलं, आणि मग पत्राचं सांगितलं. शक्य तितक्या हळू आवाजात सांगितलं, पण बँकेत तेव्हा सगळे ऐकतच होते.

आबांनी पाण्याचा ग्लास बाजूला सारला. मग साहेबांची भाषा काढून म्हणाले, “छगनला मी ओळखतो साहेब. आजपण ओळखतो.”

“तसं नाही आबा. तुम्ही ओळख दिली म्हणजे तुम्ही त्याच्या कर्जाला जबाबदार, असं कुणीच म्हणत नाही. जामीन वेगळा, ओळख वेगळी. ओळख म्हणजे फक्त एवढंच, की हा समोरचा छगन तो छगनच आहे. बाकी काही नाही.”

“एवढंच?”

“एवढंच.”

“एवढासाठे मी पाच वरीस बट्टी खादी?”

कॅशियरने तोंडावर हात धरला. पण आबा विनोद करत नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सरकलं. एवढी वर्षं शेकडो माणसांचा भार वाहतो आहोत असं ज्याला वाटत होतं, त्याला कुणीतरी सांगावं की टोपलं रिकामंच होतं, तसं. मग ते पुढे झुकले. “मंग साहेब, तो छगनच व्हता ना? मी सांगं तो छगन, आनि तो छगनच निंघना. मनी वळख खोटी कशी?”

हर्डीकरांनी पेपरवेट उचलला आणि परत ठेवला. “तुमचं बरोबर आहे. पण वरून आलंय. एकाच माणसाच्या इतक्या सह्या दिसल्या की त्यांना वाटतं, हा दलाल आहे.”

हा शब्द त्यांनी उच्चारायला नको होता. त्यांनाही तो उच्चारल्यावर कळलं. आबा उठले, बाहेरच्या हॉलमध्ये खिडकीखाली लोकांसाठी जे लाकडी बाकडं होतं त्यावर जाऊन बसले, आणि छत्री उभी धरून तिच्या मुठीवर दोन्ही हात ठेवले.

दुसऱ्या दिवशी बँक उघडली तेव्हा आबा येऊन बसले. तिसऱ्या दिवशीही. ते कुणाशी भांडले नाहीत. लग्नात मानपानावरून बिनसलं की मधला माणूस मांडवाच्या कडेला असाच बसतो, आणि दोन्हीकडचे येऊन समजूत घालतील म्हणून वाट बघतो. इथे दोन्हीकडचे म्हणजे धुळ्याची कचेरी होती, आणि ती समजूत घालायला येत नव्हती. आबा बसून राहिले. येणाऱ्याला राम राम करत, कुणी चहा दिला तर पीत. दुपारी कमलबाई डबा पाठवत, पण त्यात बट्टी नसे. “बठेल मानूसले भाकर पुरस,” असा त्यांचा हिशेब.

शेवंताबाईचं काम मात्र सोपं होतं. खातं असलेला दुसरा कुणीही माणूस सही करू शकत होता. ती किराणावाल्या पुनाकडे गेली. पुना तिला लहानपणापासून ओळखत होता. तो म्हणाला, “आबा बठेल शेतस ना.” ती वनाकडे गेली. वना म्हणाला, “आबा उठू देत, मंग दखू.” ती भाजीवाल्या सुगंधाबाईकडे गेली. सुगंधाबाईने तिला मूठभर कोथिंबीर दिली आणि तेच सांगितलं. आमच्याकडे एका सोयरिकीत मधला माणूस बसलेला असला की दुसरा मधे जात नाही. आणि बसलेल्याला उठा म्हणत नाहीत. म्हटलं तर त्याने आजवर जमवलेल्या सगळ्या सोयरिकींवर शंका घेतल्यासारखं होतं. इथे तर या तिघांचीही खाती त्याच्याच हातची. तो आपण होऊन उठला, तरच दुसऱ्याने मधे जायचं. उठताना तोही बोलत नाही, कारण तो जे बोलेल त्याचा अर्थ दोन्हीकडचे आयुष्यभर लावत बसतील.

एका संध्याकाळी शेवंताबाई आबांच्या घरी गेली. उठा म्हणायची सोय नव्हती, म्हणून तिने ओट्यावर बसून बाकड्याची चौकशी केली.

“बाकडा कसा शे आबा? गरम व्हयना व्हई.”

“बरा शे.”

“ढेकून शेतस म्हंतस.”

“नही.”

“साक्रीवालानं यंत्र उनं,” ती म्हणाली. “आज टरकमाथून उतारं. मी दखाले गयथू. चांगलं शे.” हे तिने मिरचीचा भाव सांगावा तसं सांगितलं. हात तिने पदरात गुंडाळले होते. कमलबाईने आतून ताकाचं भांडं आणून न बोलता तिच्यापुढे ठेवलं. तिने हात सोडवले आणि भांड्यात बुडवले. आबांनी ते हात पाहिले आणि गोठ्यात बैलांना पेंढी टाकायला गेले. पेंढी आधीच टाकलेली होती.

मार्च संपत आला. कर्जाचे कागद तयार होते, हर्डीकरांनी ते स्वतः केले होते. पहिल्या मॅनेजरांसारखी ओळखही स्वतःच द्यावी असं त्यांच्या मनात येऊन गेलं, पण मंजुरी देणारेही तेच होते. दोन्ही सह्या एकाच हाताच्या चालणार नव्हत्या. शेवटल्या दिवसाच्या आदल्या दुपारी शेवंताबाई आणि लोटन येऊन भिंतीशी उभे राहिले. थोड्या वेळाने पुना आला, पासबुक भरून घ्यायला म्हणून. त्याच्या खिशाला पेन होतं. एरवी त्याच्या खिशाला तंबाखूची डबी असे. मग वनाही आला. त्याने तर कारणही आणलं नव्हतं. पंखा फिरत होता, गरम हवा एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन टाकत होता. आबा बाकड्यावर होते.

हर्डीकर बाहेर आले. “पुनाभाऊ, तुमचं खातं आहे ना आपल्याकडे? या बाईंना ओळखता ना? मग करा सही. उद्या सगळं बंद होतंय.”

पुनाने छताकडे पाहिलं. “साहेब, आबा बठेल शेतस.”

“बसू द्या की. त्यांचं काय? आबा, तुम्ही जरा...”

निंबा चहाचा ट्रे घेऊन मधेच घुसला, इतक्या जोरात की एक कप बशीत कलंडला. “साहेब, नका म्हणू. त्यांना तसं म्हणायचं नसतं.” आणि त्याने हर्डीकरांना काउंटरमागे नेऊन कुजबुजत काहीतरी समजावलं. हर्डीकर ऐकत होते. एकदा त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग ते बाहेर आले आणि सगळ्यांसारखे गप्प उभे राहिले. बँकेत पाच-सात माणसं चहा पीत होती आणि कुणीही कुणाकडे बघत नव्हतं.

आबांनी चहा संपवला. कप बाकड्याखाली सरकवला. “पुना,” ते म्हणाले.

“हां आबा.”

“तू शेवंताना घर पानी पिधं का?”

“नही आबा.”

“जेवना?”

“नही. तिना ठेचा कोन खाई?”

वना हसला आणि लगेच थांबला.

“मंग कशी वळख देशी?”

पुनाने खांदे उडवले. दुकानात उधार मागणाऱ्याला नाही म्हणताना उडवायचा तसेच, पण चेहरा वेगळा होता. “तुम्ही जेवनात ना तठे. दोनदाव. मुसय बी धरं. मंग मी कसाले जेवू?”

आबांनी शेवंताबाईकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती. तिच्या तोंडाशी काहीतरी टोमणा आला असावा. ओठ हलले, पण तिने तो गिळला. तिला गप्प राहताना आम्ही कुणी त्याआधी पाहिलं नव्हतं. लोटन तिच्या शेजारी, हमालाच्या सवयीने, ओझं उचलायच्या आधी उभं राहतात तसा पाय फाकवून उभा होता.

आबांनी टोपी काढली, कपाळ पुसलं, टोपी घातली. सदऱ्याची वरची गुंडी लावली. हर्डीकर एक पाऊल पुढे आले आणि थांबले; निंबाने त्यांच्या बाहीला हात लावला होता. बाकडं करकरलं. आबा उठले. पुनाच्या समोरून, हर्डीकरांच्या समोरून, शेवंताबाईच्या समोरून गेले, दारातल्या उन्हात क्षणभर डोळे बारीक केले, आणि छत्री न उघडता, एक शब्द न बोलता पायऱ्या उतरून गेले.